महाराज, घर कुणी मोडलं?

यंदाच्या सप्ताहात पाचव्या दिवशीचं कीर्तन रंगात आलं असताना माझी सून मांडवातून उठून गेली आणि मी तिथंच बसून राहिलो. त्या बसून राहण्याचं ओझं झालंय, म्हणून हे लिहितोय.

आधी माझं सांगतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी म्हणायला नको की ह्याला देवाधर्माचं वावडं आहे. आमचं गाव भूम तालुक्यातलं, मुरमाड रानाचं, पावसाच्या भरवशावरचं. माझ्या गळ्यात माळ आहे, ती 1984 पासून. सप्ताहात विणा खाली ठेवायचा नसतो, दोन-दोन तासांचे पहारे लागतात. त्यातला रात्री दोन ते चारचा पहारा तीस वर्षं झाली माझा आहे. त्या वेळेला कुणी तयार होत नाही म्हणून तो माझ्याकडं आला आणि आता मला तोच आवडतो. सप्ताहाच्या कमिटीतही मी आहे. पट्टी गोळा करतो, मांडववाल्याशी घासाघीस करतो, महाराजांच्या तारखा घ्यायला जातो. म्हणजे त्या दिवशी जे झालं त्याची तारीख घ्यायला गेलेल्या चौघांत मीही होतो.

महाराज नव्या दमाचे. वय पस्तिशीच्या आत. आवाज असा की पखवाजवाल्याच्या अंगात येतं. तारीख दीड वर्ष आधी घ्यावी लागली. पाकिटाचा आकडा सांगत नाही, पण यंदाची माझी सगळी सोयाबीन विकून तेवढे आले नाहीत. बरोबर दोन गाड्या, चार टाळकरी आणि एक कॅमेरेवाला पोरगा.

पहिला अर्धा तास त्यांनी अभंग असा सोडवला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी खरं होतं, नाकारत नाही. मग गाडी वळली. परदेशी लोकांना तलवारीनं जे जमलं नाही ते त्यांनी मोबाइलनं केलं, म्हणाले. आमच्या सुना कोरियाच्या मालिका बघत्यात, तुर्कस्तानच्या बघत्यात, तिथल्या बाया नवऱ्याला नावानं हाक मारत्यात, ते बघून आमच्याही मारायला लागल्या. एकत्र कुटुंबं मोडली ती ह्याच्यामुळं. घटस्फोट वाढले ते ह्याच्यामुळं. आणि मग बायकांच्या बाजूला हात करून म्हणाले, "सुनेच्या हातात मोबाइल म्हंजी आढ्याला लागलेली वाळवी. ही बघा, कीर्तनातबी सुटंना!"

ती माझी सून होती. मांडव हसला. म्हातारे हसले, पोरं हसली, दोन-चार सासवाही हसल्या. कॅमेरेवाल्या पोरानं कॅमेरा तिकडं फिरवला. तिनं पदर सारखा केला, नातीचा हात धरला आणि उठून गेली. "लागलं वाटतं," महाराज म्हणाले आणि पुन्हा हशा.

आता ती मोबाइलवर काय करत होती ते मला माहीत होतं. आमची गाय संध्याकाळपासून अडली होती. डॉक्टर दुसऱ्या गावाला होते. ती त्यांना विचारत होती, किती वेळ वाट बघायची, कळा थांबल्यात, काय करू. पोरगा पुण्याला कंपनीत, घरी मी आणि ती. "आण्णा, तुम्ही बसा कीर्तनाला, मी मधूनमधून गोठ्यात चक्कर मारते," असं तीच म्हणाली होती. मी उभं राहून एवढंच म्हणायचं होतं की महाराज, आमची गाय अडलीय. चार शब्द. चारशे माणसांपुढं माझ्या तोंडून ते चार शब्द निघाले नाहीत. माळकरी माणसानं कीर्तनात मध्येच बोलायचं नसतं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण ते नव्हतं.

महाराजांचं सगळंच खोटं आहे असं मी म्हणत नाही. 2016 नंतर डेटा स्वस्त झाला आणि आमच्या पारावरच्या गप्पा बसल्या. माणसं पारावर येतात, पण मान खाली. पोरांनी ऑनलाइन रमी खेळून उसाचं बिल उडवलं. लहान लेकरू मोबाइल लावल्याशिवाय घास घेत नाही. मी स्वतः रात्री कुस्त्यांचे व्हिडिओ बघत बसतो आणि सकाळी दारं धरायला उशीर होतो. पण महाराज, रमीच्या जाहिराती करणारे नट आपलेच होते, नातवाच्या हातात मोबाइल देणारे आजा-आजी आपलेच आहेत. ह्यात कोरियाचं काय गेलं? 2020 च्या जूनमध्ये सरकारनं चिनी म्हणून टिकटॉक बंद केलं. आमची पोरं चार दिवस हिरमुसली आणि पाचव्या दिवशी दुसऱ्या ॲपवर नाचायला लागली. टिकटॉक गेलं म्हणून गावातलं मोडलेलं एक घर सांधल्याचं मी तरी ऐकलं नाही.

परदेशी वस्तूचं म्हणाल तर तुमच्या मागं जी पेटी वाजत होती तीही तिकडचीच. हार्मोनियम फ्रान्सात तयार झाली. ती परकी, तिच्यानं आपलं गाणं बिघडतं, असं म्हणून आकाशवाणीनं 1940 साली तिच्यावर बंदी घातली होती, ती तीस वर्षं चालली. तोवर आमच्या गावच्या देवळात पेटी वाजतच होती आणि विठ्ठल काही रागावला नाही. तुकोबांची गाथा 1869 साली मुंबईत छापली गेली, ती त्या वेळच्या इंग्रज सरकारनं दिलेल्या चोवीस हजार रुपयांवर. प्रभात कंपनीनं 1936 साली ‘संत तुकाराम’ चित्रपट काढला, तो विलायती कॅमेऱ्यावरच. तो तंबूत लागला की पायातली पायताणं बाहेर काढून माणसं बसायची, असं आमचे वडील सांगायचे. आणि तुमची स्वतःची कीर्तनं ज्या यूट्यूबवर लाखांनी बघितली जातात, ती कंपनी काही देहू-आळंदीची नाही. माझ्या सुनेवर मांडव हसला तो तुकडा दोन दिवसांत तिथं चढला. तिच्या माहेरच्यांनीही बघितला.

टीव्ही आमच्या गावात आला तो मला लख्ख आठवतो. 1987 च्या जानेवारीत रविवारी सकाळी रामायण सुरू झालं. गावात एकच संच, काळा-पांढरा, दुकानदाराच्या ओसरीत. लाइट गेली की ट्रॅक्टरची बॅटरी जोडायची. संचाला हार, पुढं उदबत्ती, नारळ. सासरे आणि सुना एका ओसरीत बसले ते त्या दिवशी पहिल्यांदा, डोक्यावरून पदर घेऊन का होईना. त्या वर्षीच्या सप्ताहात एक महाराज म्हणाले होते, कलियुगात देव काचेतून दर्शन देतो. काच तीच, वायरी त्याच. देव दिसत होता तोवर टीव्ही चांगला होता.

पुढं नव्वद सालानंतर केबल आली, डिश आल्या. ‘द बोल्ड अँड द ब्युटिफुल’ नावाची अमेरिकी मालिका शहरात लोक बघायचे म्हणे. आमच्याकडं ती कुणाला कळली नाही. कळली ती 2000 साली आलेली सासू-सुनेची हिंदी मालिका. चॅनलचा मालक परदेशी, पण कथा अस्सल देशी. भरजरी साड्या, देव्हारा, तुळस, मंगळसूत्र आणि दर दोन मिनिटांनी कारस्थान. भांडण कसं लावायचं ह्याचं शिक्षण आमच्या गावाला कुणी दिलं असेल तर तिनं. तिच्यावर मात्र कीर्तनात कुणी बोललं नाही, कारण त्यातल्या बायकांच्या डोक्यावर पदर होता.

आता मुद्द्याचं. महाराज, तुम्ही म्हणता टीव्ही-मोबाइल यायच्या आधी घरं सुखानं नांदत होती. तुमचा जन्म नव्वदच्या आसपासचा असणार. मी त्या आधीचा साक्षीदार आहे.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणायचो. बहात्तरच्या दुष्काळात तिनं आईबरोबर सुकडीवर जगून खडी फोडली. 1974 ला तिचं लग्न झालं. हुंडाबंदीचा कायदा 1961 चा, पण तो आमच्या गावाला कुणी सांगितला नव्हता. ठरलेल्यातला एक रेडिओ द्यायचा राहिला. त्या काळात नवरदेवाला रेडिओ, घड्याळ आणि सायकल लागायची. वडील म्हणाले होते, ज्वारी झाली की देतो. दुष्काळातून उठलेला माणूस, कशाची ज्वारी आणि कशाचा रेडिओ. चार वर्षं तो रेडिओ आक्काच्या पाठीवर वाजला.

1978 च्या पंचमीला मी मुऱ्हाळी म्हणून तिला आणायला गेलो. वर्षभरापूर्वी दहावी झालो होतो, सतरा-अठरा वर्षांचा. वाटेत एसटीत ती काही बोलली नाही. घरी आल्यावर आईनं न्हाऊ घालताना पाठ बघितली आणि चुलीपुढं बसून राहिली. पंचमीचे झोके झाले, आठ दिवस झाले, आक्का म्हणाली, मी जात नाही. गुरं राखीन, रोजगार करीन, पण जात नाही.

वडील देवळात गेले. श्रावणातलं पारायण चालू होतं, एक मोठे बुवा उतरले होते. भला माणूस होता, हे मी आजही म्हणतो. जवळ स्वतःचं काही ठेवत नव्हता, पाकीट घेत नव्हता. त्यांनी वडिलांना सांगितलं, लेकीची जागा नवऱ्याच्या दारात, तिथंच तिचा मोक्ष, नांदायला धाडा. संध्याकाळी कीर्तनात पतिव्रतेचं आख्यान लावलं. आक्का आईशेजारी बसून ऐकत होती. वडिलांच्या मनाला धीर आला. दुसऱ्या दिवशी मीच तिला पोचवायला गेलो. तिच्या दारात जनावरांची वैरण पडली होती, ती तिनं पिशवी खाली ठेवायच्या आधी उचलली. तेवढंच शेवटचं बघितलेलं.

दसऱ्यानंतर सांगावा आला. विहिरीत पाय घसरला, असं पंचनाम्यात लिहिलं. ज्या विहिरीला धड पायऱ्या होत्या, दगडी.

तेव्हा आमच्या पंचक्रोशीत टीव्ही नव्हता. कोरिया कुठं आहे हे मास्तरला सोडून कुणाला माहीत नव्हतं. आक्कानं आयुष्यात एकही सिनेमा बघितला नव्हता. घटस्फोट तर गावात एकही नव्हता, अगदी खरं आहे. घटस्फोटाच्या जागी विहीर होती. माझ्या बघण्यात, टीव्ही यायच्या आधी, आसपासच्या वस्त्यांवर तिघीजणी अशा गेल्या आणि तिन्ही घरं शेवटपर्यंत ‘एकत्र कुटुंब’ म्हणून नावाजलेली होती. आक्काचं घर मोडलं ते रेडिओनं नाही, न दिलेल्या रेडिओनं मोडलं.

हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. आमच्या पिढीनं सांगितलंच नाही. आम्ही म्हणतो, पूर्वी काय माणुसकी होती.

आणि परदेशातून आलेल्या ज्या एका यंत्रानं आमची घरं खरोखर पोखरली, त्याच्यावर मी गेल्या पस्तीस वर्षांत गावच्या सप्ताहात एक शब्द ऐकला नाही. सोनोग्राफी. टीव्हीला माणसं चांगलं-वाईट तरी म्हणाली, ह्या यंत्राला मात्र मुकाट्यानं रांग लावली. महाराष्ट्रानं 1988 साली गर्भलिंग चाचणीविरुद्ध कायदा केला, देशानं 1994 साली केला. तरी 1991 च्या शिरगणतीत सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलांमागं राज्यात 946 मुली होत्या, त्या 2001 ला 913 झाल्या आणि 2011 ला 894. आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात 2011 ला 807. हजारात जवळजवळ दोनशेचा खड्डा. आणि ही यंत्रं बघायला गेली ती माणसं कीर्तनात पुढं बसणारी होती. त्यांच्याच गाड्यांतून आम्ही महाराजांना आणायला गेलेलो आहे.

त्याचं पीक आता कापायला आलंय. आमच्या गावात तिशी ओलांडलेली किती पोरं बिनलग्नाची आहेत ते मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत. 2022 च्या डिसेंबरात सोलापुरात पोरं बाशिंगं बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर गेली, आम्हाला बायको द्या म्हणून. टीव्हीवर बघून लोक हसले. मला हसू आलं नाही, त्यातल्या एका पोराचं तोंड माझ्या पुतण्यासारखं होतं. मुली कमी झाल्या आणि ज्या आहेत त्या रोजानं, पाण्यानं, कर्जानं बुडालेल्या शेतकऱ्याला नको म्हणतात. चूक काय त्यांची? एकत्र कुटुंब मोडलं म्हणता, तर माझ्या आज्याची तीस एकर होती. ती तीन ठिकाणी झाली, मग वडिलांची दहा आम्हा दोघा भावांत पाच-पाच. माझ्या पोराला गावात ठेवायला ती पाच एकर पुरली नाहीत म्हणून तो चाकणला गेला. त्याला तिकडं कुठल्या मालिकेनं नेलं नाही.

परवा आमच्या मुजावरापाशी हे बोललो. शाळेत एका बाकावर होतो आम्ही. तो म्हणाला, "लेका, आमचेबी मौलाना जुम्म्याला हेच सांगत्यात. तुमचे फिरंगी म्हनत्यात, आमचे मगरिब म्हनत्यात. दोघांनाबी बाईचाच मोबाइल दिसतो." मग तो त्याच्या मोबाइलवर मला बोकडांचे भाव दाखवायला लागला.

संतांचंच बोलायचं तर तेही बोलू. विठ्ठलपंत संन्यास घेऊन गुरूच्या सांगण्यावरून परत संसारात आले. त्यांना वाळीत कुणी टाकलं? देहान्त प्रायश्चित्त कुणी सांगितलं? चार कोवळी लेकरं उघड्यावर कुणामुळं पडली? परंपरेनं ही गोष्ट सातशे वर्षं सांगितलीय आणि प्रत्येक सप्ताहात आपण ती रडत-रडत ऐकतो. ते घर मोडणारे परके नव्हते, पोथी जाणणारे होते. संत बहिणाबाईंनी स्वतःच्या अभंगांत लिहून ठेवलंय की कीर्तनाला जाते, तुकोबांना गुरू मानते म्हणून नवऱ्यानं मारलं. सतराव्या शतकातली बाई. तिच्या हातात मोबाइल नव्हता, टाळ होते. तेव्हा तेच वाळवीसारखे वाटत असतील नवऱ्याला.

माझ्या सुनेनं मोबाइलवर काय बघितलं तेही सांगतो, हिशोब पुरा होऊ दे. चार वर्षांपूर्वी ती हॉलंडमधल्या का कुठल्या गोठ्याचा व्हिडिओ बघत होती. भाषा तिला कळत नव्हती. "आण्णा, बोलणं कळत नाही पण हात कळत्यात," म्हणाली. जनावरं दावणीला न बांधता मोकळी सोडलेली. मी म्हणालो, आपल्याकडं हे चालायचं नाही, गाई एकमेकींना मारतील. तिनं चार गाईंवर करून बघितलं. नंतर मका कापून पिशव्यांत दाबून मुरघास केला, तोही बघून-बघूनच. आता सात गाई आहेत, दूध आमच्या भागातल्या रीतीप्रमाणं खव्याच्या भट्टीला जातं. दर दहा दिवसांनी पैसे येतात, ते तिच्या खात्यावर येतात. संध्याकाळी ती कोरियाची मालिकाही बघते. बघू दे की. मी कुस्त्या बघतो. ती पोराला नावानं हाक मारते, हेही खरं आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कसंसंच झालं होतं. आक्कानं तिच्या नवऱ्याला चार वर्षांत एकदाही नावानं हाक मारली नव्हती.

त्या रात्री कीर्तन साडेअकराला सुटलं. महाराजांना पाकीट मीच दिलं, वाकून पायाही पडलो. घरी आलो तर गोठ्यात दिवा. डॉक्टर येऊन गेले होते. कालवड झाली होती, पोत्यावर थरथरत उभी राहायला बघत होती. सुनेचे हात कोपरापर्यंत भरलेले. तिनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "पंगत झाली का, आण्णा?" बाकी काही नाही. मी हो म्हणालो. जेवलो नव्हतो.

दोनला पहाऱ्याला गेलो. विणा गळ्यात, मांडवात तीन माणसं, तिन्ही झोपलेली. चारपर्यंत उभा होतो.

पुढच्या वर्षीच्या तारखांची बैठक येत्या एकादशीला आहे. गर्दी जमली, व्हिडिओ चालला, म्हणून पाचव्या दिवसाला तेच महाराज घ्यायचे असं बहुतेकांचं म्हणणं आहे. मला निरोप आलाय. पट्टीच्या वहीत माझं नाव लिहायच्या आधी मला तिथं आक्काचं आणि गाईचं, दोन्ही सांगायचंय.